मानसोपचाराच्या नियोजनात पेशंटला बसवायचं का?

केळीबाग : मी बायपोलरचा पेशंट, म्हणजे मन कधी अती तेजीत, कधी पार खचलेलं. अकरा वर्षं गोळ्या चालू. आमच्या तालुक्याला मानसोपचाराची ओपीडी महिन्यातून एकदा. वार जिल्ह्याला बसून ठरतो. बाजाराचा दिवस धरला असता तर पाड्यावरची माणसं त्याच गाडीने औषध घेऊन गेली असती. वेचणीच्या दिवसांत रोज बुडवून कोण येणार? नियोजनाच्या बैठकीत सेवा घेणारे दोघं तरी हवेत.

धुळेकर : राग नका मानू भाऊ. माझं मेडिकल आहे, रोज बघतो. आपण आजारी आहोत हेच ज्याला पटत नाही, तो नियोजन काय करणार? आधी डॉक्टर तर मिळू द्या. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चार जुनी सरकारी मनोरुग्णालयं. खान्देशात एक तरी आहे का?

केळीबाग : तेजीत असलो तर मीच जाणार नाही. आमदारही आजारी पडतात, म्हणून कुणी मतदारसंघ रद्द करत नाही.

तापीकाठची : भावाला सांभाळते. आधी भगत झाला, मग डॉक्टर. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात पुनर्विलोकन मंडळावर (पेशंटला दाखल करण्याचे निर्णय आणि त्याच्या तक्रारी तपासणारं मंडळ) दोन जागा आहेत : आजार असलेले, किंवा सांभाळणारे, किंवा त्यांच्या संस्थांचे, नाहीतर या क्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थांचे लोक. मेख त्या 'किंवा'त आहे. दोन्ही जागा संस्थावाल्यांनी भरल्या तरी कायदा मोडत नाही. आणि मी बसले तरी बोलेन माझंच. मला भाऊ रात्री झोपलेला हवा असतो. त्याला त्या गोळीने हात थरथरतात, चहाचा कप धरता येत नाही, हे त्यानेच सांगायला हवं.

धुळेकर : ताई, हे पटलं. पण नाव कोण देणार? गावात बोभाटा झाला की घरातल्या पोरीचं लग्न अडतं. शिवाय बैठकीचं गाडीभाडं, बुडालेली मजुरी?

केळीबाग : तेही द्यावंच लागेल, डॉक्टर काही पदरमोड करून बैठकीला येत नाहीत. मागच्या ओपीडीत एका आजीला समुपदेशकाने कागद बघून विचारलं, 'उदासीनता जाणवते का?' आजी मान हलवून गप्प. बाहेर बाकावर मी विचारलं, 'माय, रातले झोप लागस का?' तिची एसटी चुकली, तरी ती बोलतच होती.