विहिरीत दगड टाकून अंतर मोजलं, साडेबारा फूट जास्त आलं. चूक कुठे?

कोरडवाहू
नमस्कार मंडळी. आमची विहीर जुनी, बांधीव. एप्रिल लागला की पाणी खाली जातं आणि मोटर किती सोडायची ते दरवर्षी दोर सोडून मोजावं लागतं. यंदा लेकीने सुट्टीतच दहावीचं पुस्तक आणलंय, पहिलाच धडा गुरुत्वाकर्षण. म्हणाली, "पप्पा, दोर कशाला? दगड टाकू, वेळ मोजू, सूत्रात घालू."

एका हातात दगड, दुसऱ्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. दगड सुटला की बटण, 'डुबुक' ऐकू आलं की पुन्हा बटण. १.८८, १.९४, १.९१ सेकंद. चौथ्यांदा २.१० आले, पण तेव्हा मागून आमची आई ओरडली, "विहिरीत धोंडं टाकू नये गं!" म्हणून तो सोडून दिला. सरासरी १.९१. पोरीने ४.९ (पुस्तकातल्या ९.८ चं निम्मं) गुणिले १.९१ गुणिले १.९१ केलं: १७.९ मीटर. म्हणजे साडेअठ्ठावन्न फूट.

मग मी दोन कासरे एकाला एक बांधले, टोकाला तेलाचा रिकामा डबा अडकवून सोडला. डबा तरंगला की कासरा सैल पडतो. कठड्यापाशी खूण केली, वर ओढून टेप लावला. ४६ फूट. दोनदा मोजलं, तेवढंच.

पोरगी हिरमुसली. तिचं म्हणणं, सूत्रच चुकीचं. मी म्हटलं सूत्र कसं चुकेल, चूक आपलीच. पण साडेबारा फूट? वीतभर असती तर मी इथे लिहिलंही नसतं. आणि अजून एक. त्या सूत्रात निम्मं का करतात, असं तिने विचारलं. मला काही सांगता आलं नाही. मी आर्ट्‌सचा.

बांधावरून
दगड हलका असणार दादा. मोठा धोंडा टाका, भसकन जाईल, वेळ कमी भरेल.

कोरडवाहू
मुठीएवढा काळा दगड होता, हलका नाही. धोंडा टाकला तर आई मला जेवायला घालणार नाही.

खडूफळा
शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हा प्रश्न बघून हात शिवशिवले.

आधी धोंड्याचा विषय संपवू. जड वस्तू लवकर पडते हे आपल्याला वाटतं ते हवेमुळे. १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर एका हातातून हातोडी आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकदम सोडलं. दोन्ही बरोबर टेकले. तुमच्या विहिरीत हवा आहे, पण मुठीएवढ्या दगडाला तेवढ्या खोलीत ती फार तर सेकंदाचा शंभरावा भाग उशीर करेल. ते विसरा.

आता निम्म्याचं. मी फुटांतच सांगतो, आमच्या वेळी तसंच होतं. दगडाचा वेग दर सेकंदाला ३२ फुटांनी वाढतो. सुटताना शून्य, दीड सेकंदाला ४८. मग दीड सेकंद तो ४८ च्या वेगाने पडला का? नाही. शून्याचाही नाही. वेग एकसारखा चढत गेलाय, म्हणून सरासरी बरोबर मधली, २४. चोवीस गुणिले दीड, ३६ फूट. निम्मं येतं ते इथून. (एसटीला हे लावू नका. ती थांब्यावर उभी असते, मग एकदम सुटते, तिथे सरासरी अशी मधोमध सापडत नाही.)

लेकीला हेही करायला सांगा: अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे तुकडे पाडायचे. पहिल्यात दगड ४ फूट जातो, दुसऱ्यात १२, तिसऱ्यात २०. म्हणजे एक, तीन, पाच. पुढे सात, नऊ. हे गॅलिलिओला सापडलं आणि १६३८ साली छापून आलं. त्याची अडचण तुमचीच होती, घड्याळ धड नव्हतं. म्हणून त्याने वस्तू सरळ पाडायचा नादच सोडला. त्यांच्या मापाने बारा हात लांब तुळईला खोबण पाडली, आत गुळगुळीत चर्मपत्र लावलं, एक टोक जरा उचललं आणि काशाची गोळी घरंगळू दिली. उतारावर तीच गत, पण सावकाश. वेळ मोजायला मोठ्या भांड्यातून बारीक धार पेल्यात धरायची आणि ते पाणी तराजूत तोलायचं!

तुमचं घड्याळ त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं. खोट बोटात आहे. ४६ फूट पडायला १.७० सेकंद पुरतात. आवाज सेकंदाला सुमारे ११३० फूट जातो, त्याला वर यायला ०.०४. झाले १.७४. तुमचे १.९१. वरचे ०.१७ बहुतेक 'डुबुक' कानावर पडून बटण दाबलं जाईपर्यंतचे. एवढ्याने काय होतं, असं वाटेल. पण पाण्याजवळ दगडाचा वेग सेकंदाला ५४ फूट असतो. सेकंदाच्या दहाव्या भागाला साडेपाच फूट! उशीर शेवटी झाला, आणि शेवटचा क्षण सगळ्यात महाग.

एक विचारायचं राहिलं. दगड सोडताना हात कठड्याच्या किती वर होता?

कोरडवाहू
सर, हे डोक्यातच आलं नव्हतं. ती कठड्याला टेकून हात पुढे काढून उभी होती. आत्ता मोजलं, दोन फूट वर. आणि कासरा मी कठड्यापासून धरला.

फ्रेमफ्रेम
मग दगड ४८ फूट पडला. त्याला आवाजासकट १.७७ लागतात, बोटाचा उशीर ०.१४ राहिला. दादा, बटणच काढून टाका. मोबाइल कोणाला तरी धरायला द्या, हातातून दगड सुटताना दिसेल असा व्हिडिओ घ्या, 'डुबुक' त्यातच रेकॉर्ड होईल. नंतर एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजा. साधारण सेकंदाला ३० फ्रेम असतात, सेटिंगमध्ये बघून घ्या. मात्र एक फ्रेम चुकली की पावणेदोन फूट इकडेतिकडे, त्यामुळे तीनचारदा करा.

कोरडवाहू
केलं. आई देवळात गेल्यावर. मोबाइल पुतण्याने धरला.

५३, ५४, ५२ फ्रेम. मधलं ५३ धरलं, म्हणजे १.७७ सेकंद. आवाजाचे ०.०४ वजा, १.७३. सोळा (सरांच्या ३२ चं निम्मं) गुणिले वेळेचा वर्ग: ४७.९ फूट. वरचे दोन काढले तर ४५.९. ५२ आणि ५४ धरून हातापासून ४६ ते साडेएकोणपन्नास येतात, ते पोरीने मुद्दाम लिहून ठेवलंय. आणि आधीच्या साडेबारा फुटांचा हिशेब मांडलाय: बोटाचे आठ, आवाजाचे अडीच, हाताचे दोन. कागद देवघराशेजारी चिकटवलाय.

आई आली. पोरीने तिला सगळं समजावलं, चंद्रावरच्या पिसासकट. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाण्यापर्यंत किती ते कळलं. पाणी किती हाय?"

दगड ते सांगत नाही. मग डबा सोडून कासऱ्याला तसाच दगड बांधला आणि तळाला टेकवला. नऊ फूट.