आरोग्यातली दरी बुजवायला नगरपालिकांनी पैसा आणायचा कुठून?

सांजवारा:
एकाच शहरात दोन वस्त्यांच्या तब्येतीत जो फरक दिसतो तो दवाखान्यात तयार होत नाही, तो पाणी, गटारं, घरातली ओल, कामाचे तास यातून येतो, आणि यातली बरीच कामं नगरपालिकेकडेच असतात पण पैसा कायम तुटपुंजा. म्हणून मला वाटतं नवे मार्ग धरायलाच हवेत. अमेरिकेत बर्कली शहराने २०१४ मध्ये मतदान घेऊन गोड पेयांवर औंसामागे (साधारण ३० मिली) एक सेंट कर लावला आणि पैसा कुठे द्यावा हे सुचवायला तज्ज्ञांची समिती नेमली. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्री शहरात तर १९८९ पासून बजेटचा काही भाग लोकांनीच ठरवायला सुरुवात केली, आणि जिथे सोयी कमी त्या भागाला वाटपात झुकतं माप. तुम्हाला काय वाटतं?

खडूफळा:
अजिबात पटलं नाही. कमाईच्या मानाने असा कर गरिबालाच जास्त टोचतो. शिवाय लोकांनी पिणं कमी केलं की करही कमी, म्हणजे योजना यशस्वी झाली की तिचाच पैसा आटणार! अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया शहरात २०१७ पासून औंसामागे दीड सेंट घेतात, त्यातून बालवाड्या, बागा, लायब्रऱ्या. कामं चांगलीच आहेत हो, पण मग आरोग्याच्या नावावर कर मागू नका.

सांजवारा:
टोचतो हे मान्य, पण डायबिटीसही त्यांनाच जास्त टोचतो ना? तोच पैसा त्याच वस्त्यांत परत गेला तर हिशोब बदलतो. आणि बालवाडी हे आरोग्याचं काम नाही हे मला मान्य नाही.

नदीकाठ:
माझा आक्षेप वेगळाच आहे, पैसा एकदाच येतो आणि जातो. अमेरिकेत २०२१ च्या कोविड मदत कायद्यातून राज्यं आणि स्थानिक संस्थांना ३५० अब्ज डॉलर मिळाले, पण ते २०२४ अखेर कामांच्या करारात बांधायचे आणि २०२६ अखेर खर्चून संपवायचे अशी अट. आता घरोघर बीपी तपासणारी सेविका घ्या, आधी दारातूनच उत्तरं मिळतात, मग कधीतरी आत बोलावतात, आणि पुष्कळ दिवसांनी एखादी आजी खरं सांगते की गोळी बंद केली कारण एका पगारात दोघांची औषधं होत नाहीत, आणि नेमका तेव्हाच प्रोजेक्ट संपतो. मशीन कपाटात, वही तशीच. पुढे येणाऱ्याला परत दारातूनच सुरुवात. आणि ते 'निकाल दाखवा, मग पैसे' वाले करार त्याहून घातक, कारण मोजायला सोपं तेच काम निवडलं जातं, अवघड पेशंट मागे राहतो.
अजून एक, नगरपालिकेने ओल काढली तर दम्याचे पेशंट कमी होऊन वाचतो हॉस्पिटलचा आणि विम्याचा पैसा. खर्च एकाचा, बचत दुसऱ्याची. त्या बचतीतला वाटा मागायची सोय सहसा कोणी करत नाही.

सांजवारा:
वाट्याचा मुद्दा एकदम बरोबर. पण लोकांच्या हातातल्या बजेटला मोडीत काढू नका, ब्राझीलमधल्या अभ्यासांत अशा शहरांचा आरोग्य आणि सांडपाण्यावरचा खर्च वाढलेला आणि बालमृत्यू घटलेले दिसलेत. मात्र पोर्तो अलेग्रीतच ते २०१७ मध्ये स्थगित झालं, म्हणून हे कायद्यात बसवायला हवं. सेविकांचे पगार कायमच्या बजेटात टाका, कराचा पैसा घरदुरुस्ती, पाणी असल्या कामांना द्या.

खडूफळा:
पगार कायमच्या बजेटात येणार असतील तर निम्मं भांडण मिटलं. कराला विरोध कायम, त्यापेक्षा रिकाम्या ठेवलेल्या मोठ्या मालमत्तांवर जादा कर लावा.