एका गावात दोन सरपंच

एक गाव दोन राज्यांत असणं कागदावरही शक्य नाही, असं काहींना वाटतं. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात या. माणिकगडच्या डोंगरात परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर अशी 14 गावं आहेत. महाराष्ट्र म्हणतो जिवती तालुका, तेलंगणा म्हणतो केरामेरी मंडळ (तिकडचा तालुकाच). एकाच गावात दोन ग्रामपंचायती, दोन सरपंच, एक मराठी शाळा नि एक तेलुगू. घरातल्या ट्रंकेत दोन रेशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं. दोन्हीकडचं रेशन मिळतं म्हणून बाहेरच्यांना हेवा वाटतो, पण कसत्या जमिनीचा पट्टा मागायला गेलं की दोन्ही सरकारं एकदम अनोळखी होतात!

मूळ जुनं आहे. राजुरा तालुका (जिवती त्यातूनच निघाला) 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार रचनेत तो आधी नांदेडला जोडला, मग 1959 मध्ये चंद्रपूरला. रेघ नकाशावर सरकली, डोंगरातल्या वस्त्यांचं कुणी नीट पाहिलं नाही. त्यात मराठवाड्यातून पोटासाठी आलेली बरीच कुटुंबं. घरात मराठी, बाजारात तेलुगू. आणि 2016 नंतर पलीकडचा जिल्हाही बदलला, आता आसिफाबाद.