आजरा तालुक्याला एकच आमदार का नसावा?

उत्तूरकर:
2027 च्या जनगणनेनंतर विधानसभा मतदारसंघांची पुनर्रचना होण्याची चिन्हे आहेत. हरकतींची मुदत सुरू होण्याआधीच कोल्हापूर जिल्ह्याने आपली बाजू ठरवावी, म्हणून हा धागा. मागच्या वेळी न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाने 2001 च्या जनगणनेवरून सीमा आखल्या आणि 2009 च्या निवडणुकीत जिल्ह्यातल्या 12 जागांच्या 10 झाल्या. सांगरूळ, पन्हाळा, वडगाव, गडहिंग्लज ही नावे यादीतून गेली. जागा घटल्याचे मला तितकेसे दुःख नाही, तालुके फोडल्याचे आहे. आजरा शहर राधानगरी मतदारसंघात, तर त्याच तालुक्यातला आमचा उत्तूर भाग आणि शेजारचे गडहिंग्लज शहर कागलमध्ये. वास्तविक आजरा आणि गडहिंग्लज ही दोन्ही गावे हिरण्यकेशीच्या काठी, संकेश्वर–आंबोली या एकाच रस्त्यावर वसलेली आहेत. आज दाखल्यासाठी आम्ही आजऱ्याच्या तहसीलला जातो आणि रस्त्याच्या निधीसाठी कागलच्या आमदारांकडे. आजरा व गडहिंग्लज हे दोन तालुके अखंड ठेवून त्यांचा एक मतदारसंघ करावा, असे माझे म्हणणे आहे.

करवीरकर:
मग शेजारच्या चंदगड तालुक्याचे काय करायचे? 2011 ची राज्याची लोकसंख्या विधानसभेच्या 288 जागांनी भागली तर एका मतदारसंघाच्या वाट्याला सुमारे 3.9 लाख येतात. तुमचे दोन तालुके मिळून साडेतीन लाखांच्या जवळ जातात, तेवढे चालून जाईल. चंदगड मात्र एकटा दोन लाखांच्याही आत आहे. त्याच्या एका अंगाला कर्नाटक, दुसऱ्या अंगाला सिंधुदुर्ग, म्हणजे जोडायला तुमचेच तालुके उरतात. ते दिले नाहीत तर चंदगडच्या मताचे वजन इतरांच्या जवळजवळ दुप्पट होईल, आणि राज्यभर शक्य तितके समान प्रमाण राखा, असे राज्यघटनेचा अनुच्छेद 170 सांगतो. महसूल मंडळांची, म्हणजे तालुक्यातल्या गावांच्या गटांची, उचलाउचल आयोग हौसेने करत नाही. गगनबावडा तालुका तर 40 हजारांच्या आत. त्याला करवीर–पन्हाळ्याच्या गावांशी जोडल्यावाचून गत्यंतर नव्हते.

शिरोळकर:
आमच्याकडे तालुका तोच मतदारसंघ आहे. महापुरात पंचनामे रखडले की कोणाला जाब विचारायचा, हे गावोगाव ठाऊक असते. ही सोय आकड्यांत दिसत नाही, म्हणून ती क्षुल्लक ठरत नाही.

उत्तूरकर:
चंदगडचा हिशेब मान्य. पण पुनर्रचना कायद्याचे कलम 9 प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय यांचाही विचार करायला सांगते. नेसरीकडचा भाग आजही चंदगडला जोडलेला आहे, तो तसाच राहू द्या. गडहिंग्लज शहर, उरलेली गावे आणि अखंड आजरा एकत्र आणा. दोनऐवजी एकच तालुका फुटेल.

करवीरकर:
आणि उत्तूर, गडहिंग्लज काढून घेतल्यावर कागल पावणेतीन लाखांवर येईल, ती तूट कुठली मंडळे देऊन भरणार? आयोगावर सहयोगी सदस्य म्हणून घेतलेल्या आमदार-खासदारांना मतदानाचा अधिकार नसतो, त्यामुळे नुसत्या ठरावांवर आणि शिष्टमंडळांवर विसंबू नका. हरकत द्यायची तर मंडळनिहाय लोकसंख्या मांडून, कागलसकट शेजारच्या सगळ्या मतदारसंघांची बेरीज जुळवूनच द्या.