नॉर्मंडीतले बंकर: एकच पाहायचा तर कोणता? आणि काँक्रीट का फुटतं?

माची_सातारा:
जूनमध्ये नॉर्मंडीसाठी दीड दिवस हाताशी आहे. जर्मनांच्या अटलांटिक वॉलमधलं (दुसऱ्या महायुद्धातली त्यांची किनाऱ्यावरची तटबंदी) एकच ठिकाण नीट पाहायचं तर कोणतं? दुसरं असं, की आपल्या अजिंक्यताऱ्याचा दगडी तट शेकडो वर्षं टिकलाय आणि हे दोन-दोन मीटर जाडीचं काँक्रीट ऐंशी वर्षांत फुटलेलं दिसतं. का?

तटबंदी_सांगली:
लाँग-सुर-मेर. बायू गावापासून सात-आठ किमी. 152 मिमीच्या नौदलाच्या चार तोफांचं ठाणं आहे, आणि तोफा अजून तोफघरांत आहेत. बाकी बहुतेक ठिकाणच्या भंगारात गेल्या.

आधी कड्यावरची निरीक्षण चौकी बघा, तोफांच्या साधारण 300 मीटर पुढे आहे. नेम तिथून ठरायचा आणि आकडे टेलिफोनच्या तारेने मागे जायचे. तार तुटली की तोफा आंधळ्या. मग मागे येऊन तोफघराचं तोंड बघा. अशा तोंडांच्या कडा बऱ्याचदा पायऱ्यापायऱ्यांच्या असतात. कडा सरळ तिरकी ठेवली तर गोळी घसरून आत शिरते, पायरीवर ती अडते. आपली जंगी (तटातलं गोळ्या झाडायचं भोक) बाहेरून अरुंद असते त्यामागे हाच हिशेब. माणसं राहायची त्या बंकरांचा रस्ता दारातून वळून आत जातो आणि समोरच्या भिंतीतल्या फटीतून दारावर बंदूक रोखलेली असायची. गोमुखी दरवाजा (तटाच्या वळणाआड लपवलेला) माहीत असलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

उरलेला अर्धा दिवस प्वांत द्यू ओकला द्या. 30 मीटरचा कडा आणि बॉम्बचे खड्डे तसेच आहेत. तिथल्या 155 मिमीच्या सहा तोफा मात्र 6 जून 1944 च्या, म्हणजे दोस्तांचं सैन्य उतरलं त्या दिवसाच्या, आधीच मागे हलवल्या होत्या.

फांजी_कराड:
फुटण्याचं कारण आतली सळई. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा लागते, त्यामुळे तो सळईवरचा काँक्रीटचा थर आतून ढकलतो. आधी सळईच्या रेषेत बारीक चीर जाते, मग तांबडा ओघळ दिसतो, शेवटी खपली पडते. बोटाने टकटक केलं आणि पोकळ वाजलं, तर त्याखाली उभं राहू नका.

अजिंक्यताऱ्याच्या तटात लोखंडच नाही. तिथले शत्रू म्हणजे पिंपळ-उंबराची मुळं आणि मुरणारं पाणी. म्हणूनच किल्ल्याच्या सांध्यात सिमेंट भरणाऱ्यांना अडवावंसं वाटतं. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून ठेवतं आणि पावसाळ्यात तटाला पोट येतं. सांधे भरायचे तर चुन्यानेच, आणि तेही पुरातत्त्व विभागाची लेखी परवानगी हातात आल्यावर.

माची_सातारा:
आणि वाळूत कलंडलेले बंकर असतात, फ्रान्सच्या नैऋत्य किनाऱ्यावर काप्ब्रतोंला वगैरे?

फांजी_कराड:
ते वेगळं प्रकरण. तिथे काँक्रीट धड असतं, लाटा खालची वाळू ओढून नेतात आणि अख्खा ठोकळा एका अंगावर बसतो. पाणी सगळ्यात खाली जातं त्याच्या तासभर आधी पोचा, भरती लागायच्या आत परत फिरा. बाहेरूनच बघा. आत वाळू भरलेली असते आणि कोणती बाजू कधी आणखी खचेल याचा भरवसा नाही.