पूर आला की पुण्यातून लगेच वैद्यकीय पथक निघावं का?

सिंहगडरोडकर
कुठे पूर आला की आपल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर औषधं गोळा करायला सुरुवात होते आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो निघतो. माझं मत, पहिल्या आठवड्यात आपण जाऊच नये. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरच्या शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं, पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस बंद होती. त्या रांगेत आपली एक गाडी वाढवून कुणाचा जीव वाचणार? खरी दुखणी पाणी ओसरल्यावर सुरू होतात. चिखलातून लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप), विहिरीच्या पाण्याने जुलाब, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या घरासकट वाहून गेलेले म्हातारे. तोवर मदतीच्या गाड्या परतलेल्या असतात. आपण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जावं.

वॉर्डातली_ताई
दादा, मी नर्स आहे, हे अजिबात पटत नाही. लेप्टोचा ताप बहुतेकदा लागणीनंतर ५ ते १४ दिवसांत येतो. तो रोखणारी डॉक्सीसायक्लिनची गोळी त्याआधी पोटात जायला हवी. तिसऱ्या आठवड्यात पोचलात तर तापाने फणफणलेले पेशंटच भेटतील. इन्सुलिनवरचं पोर तीन आठवडे काढू शकत नाही. डायलिसिसवाल्याला तर तीन-चार दिवसही जड जातात.

सिंहगडरोडकर
ताई, तुमचं म्हणणं खरं, पण त्या गोळ्या वाटणार कोण? डॉक्सीसायक्लिन गरोदर बाईला सहसा देत नाहीत, लहान मुलांनाही जपून. कुठल्या घरात कोण गरोदर आहे हे आशाताईंना ठाऊक असतं, पुण्याहून आलेल्या अनोळखी डॉक्टरला नाही. आधी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करावा, ते मागतील तेवढंच पाठवावं.

पेठेतला_केमिस्ट
औषधांबद्दल एवढंच. अर्धवट कापलेल्या स्ट्रिपा गोळा करू नका, त्यावर ना नाव राहतं ना एक्सपायरी. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे की दान दिलेलं औषध पोचल्यावर किमान वर्षभर चालणारं असावं. नाहीतर तिथल्या माणसाला पेशंट सोडून खोकी निवडत बसावं लागतं.

वॉर्डातली_ताई
खोक्यांबद्दल एकदम मान्य. पण फोन लागेपर्यंत थांबा हे मान्य नाही. पुरात पहिल्यांदा टॉवरच बंद पडतात. २५ जुलै २०२४ ला आपल्याच सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, लष्कराला बोलवावं लागलं. तेव्हा कुणी म्हटलं असतं की तिसऱ्या आठवड्यात येतो, तर तुम्हाला चाललं असतं?

मावळातला
तुम्ही दोघंही पुराचंच बोलताय. दरडीचं काय? ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. गाव दिसत नाही ही खबर एसटीच्या ड्रायव्हरने दिली. एनडीआरएफची बटालियन आमच्या सुदुंबऱ्याला आहे, पण पावसात घाटातल्या वाडीवर पोचेपर्यंत ढिगारा उपसायला शेजारीपाजारीच असतात. बराच वेळ दगडाखाली पाय चिरडलेला माणूस ओढून काढला की बरा बोलत असतो आणि थोड्या वेळात दगावतो. दबलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं, हृदय थांबतं. म्हणून बाहेर काढण्याआधीच सलाईन चालू करायची असते. हे वाडीवरच्या किती जणांना माहीत आहे? डॉक्टरांनी मे महिन्यात आमच्याकडे यावं, उपकेंद्रातल्या सिस्टर आणि तरण्या पोरांना शिकवावं. पावसाळ्यात कधी पोचायचं हा वाद मग अर्धा मिटेल.

सिंहगडरोडकर
ताई, एकतानगरीतून दवाखाना जवळ आहे. वाडीवर तसं नाही, म्हणून बाहेरच्या पथकाचं ओझं तिथे जास्त पडतं. माझं मत बदललेलं नाही. मे महिन्याचं मात्र मनापासून पटलं.

वॉर्डातली_ताई
दवाखाना लांब आहे म्हणूनच लवकर जायचं, दादा. स्वतःचं जेवण, पाणी, तंबू घेऊन गेलं की ओझं पडत नाही. मावळातले दादा, मे महिन्यात मी येते. कुठल्या उपकेंद्रावर यायचं ते कळवा.