फिजिशियन असिस्टंटला औषधं लिहून सही करता येते का?

नाशिककर_आई:
मुलगी बी.एस्सी. फिजिशियन असिस्टंट (पीए, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करणारी सहायक) झाली. सध्या एका खासगी रुग्णालयात, हृदयशस्त्रक्रिया विभागात आहे. संध्याकाळी सर निघून जातात आणि डिस्चार्जची औषधं लिहून "तूच सही करून टाक" असं तिला सांगतात. ती धास्तावली आहे. कायदा काय म्हणतो? पुढे इंग्लंडला जायचं मनात आहे, तिथे तरी मोकळीक असते का?

पीए_पुणे:
ताई, सहीला तिने स्पष्ट नाही म्हणावं. मी याच कामात आहे. बायपासच्या वेळी पायातली शीर मी काढते, आयसीयूत सरांच्या आधी राउंड घेते, पण प्रिस्क्रिप्शनवर माझी सही नसते.

आपला कोर्स 1992 साली चेन्नईत सुरू झाला, पण केंद्रीय कायद्यात आपलं नाव आलं ते थेट 2021 च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत. मला त्याचं फार मोल वाटतं. म्हणून डॉक्टरकीची परवानगी मिळाली असं मात्र नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019 चं कलम 34 वाचा. वैद्यकीय नोंदवहीत नाव नसताना डॉक्टर म्हणून व्यवसाय केला, तर एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फिटनेस सर्टिफिकेटवरची सहीसुद्धा त्यातच येते. शेड्यूल एचची औषधं तर नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय केमिस्टने द्यायचीच नसतात.

सरांनी फोनवर औषध सांगितलं, तर केसपेपरवर वेळ टाकून "अमुक डॉक्टरांच्या तोंडी आदेशानुसार" असं लिहावं, खाली स्वतःचं नाव आणि हुद्दा. सकाळी राउंडला सरांची सही घ्यायचीच. डिस्चार्ज कार्ड सहीशिवाय नातेवाइकांच्या हातात देऊ नये.

लीड्सवाला:
इथे इंग्लंडमध्येही मोकळीक नाही. 13 डिसेंबर 2024 पासून पीएंचं नियमन जनरल मेडिकल कौन्सिलकडे (इथल्या डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था) आलं, तरी त्यांना औषध लिहिता येत नाही, एक्स-रे-सीटी मागवता येत नाही. पीएंच्या कामाबद्दल सरकारने करवून घेतलेल्या 2025 च्या लेंग अहवालाने तर निदान न झालेले रुग्ण ठरावीक चौकटीबाहेर पीएंनी तपासू नयेत, असं सुचवलंय.

नाशिककर_आई:
नाही म्हटल्यावर नोकरीवर आलं तर?

पीए_पुणे:
वाद घालू नये. मेडिकल सुपरिटेंडंटना साधा ईमेल करावा, "माझ्या कामाची व्याप्ती लेखी द्यावी." पीएने प्रिस्क्रिप्शनवर सही करावी, असं लेखी द्यायला सहसा कुणी धजावत नाही. ईमेलची प्रत स्वतःकडे ठेवावी.